आपोआप फोकस बदलणाऱ्या चष्म्याची वाट पाहावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, राहणं घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत, स्टेशनपर्यंत स्कूटरने. दोन्ही डोळ्यांना उणे १.७५ हा लांबचा नंबर कॉलेजपासून आहे. ऑफिसात शेजारी शेजारी दोन स्क्रीन. मोबाइल वाचायचा तर चष्मा डोक्यावर सरकवावा लागतो, त्याची लाज वाटते. सहा महिन्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेला चष्मा करून घेतला, पण त्याने मान दुखते आणि ठाणे स्टेशनचा पूल उतरताना पायरी हलल्यासारखी वाटते, म्हणून तो कपाटात पडून आहे. आता नजरेप्रमाणे स्वतः फोकस बदलणाऱ्या चष्म्याचा व्हिडिओ पाहण्यात आला. त्यासाठी थांबावं का? शिवाय ७२ वर्षांच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये ‘लांबचं-जवळचं दोन्ही दिसणारी’ लेन्स सुचवली आहे, ती घ्यावी का?

मी नौपाड्यात २६ वर्षं डोळे तपासते आणि चष्मे बसवून देते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: थांबू नका. तो चष्मा खोटा आहे असं मुळीच नाही. पण तुमची अडचण आज, ठाण्यातच सुटण्यासारखी आहे. तिचं मूळ भिंगाच्या जातीत कमी आणि मोजमापात जास्त असावं, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आधी डोळ्यात काय होतं ते पाहू. बाहुलीच्या मागे नेत्रभिंग असतं आणि त्याच्याभोवती स्नायूचं कडं. जवळ पाहताना स्नायू आवळतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. लांब पाहताना उलटं. वयाबरोबर भिंग ताठर होत जातं. स्नायू आवळतो, पण भिंग हवं तेवढं फुगत नाही. हे चाळिशीच्या सुमारास जाणवायला लागतं, म्हणून तर आपल्याकडे वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. टीव्हीमुळे, मोबाइलमुळे किंवा गाजर न खाल्ल्यामुळे चाळिशी लागत नाही. ती सगळ्यांनाच लागते.

आता थोडं गणित, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. जवळ पाहायला लागणारी ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि ती काढायला १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं. ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला अडीच डायॉप्टर लागतात, ३५ वरच्या मोबाइलला पावणेतीनच्या थोडं वर, ६५ वरच्या स्क्रीनला दीड. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात ही ताकद बारा-चौदा डायॉप्टर असते. तुमच्या वयाला सरासरी साडेचारच्या आसपास उरते आणि साठीत जेमतेम एक. शिवाय सगळी ताकद लावून कुणी तासभर वाचू शकत नाही, निम्मी राखीव लागते. म्हणजे तुमच्या हातात आरामात वापरता येतील असे दोन-सव्वादोन डायॉप्टर आहेत. चष्मा लावून मोबाइल पाहायला ते पुरत नाहीत.

पण चष्मा काढला की? उणे १.७५ च्या डोळ्याला चष्म्याशिवाय, काहीही ताण न देता, ५७ सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. तुमची स्क्रीन साधारण त्याच अंतरावर असेल. मोबाइलसाठी उरलेला एक-सव्वा डायॉप्टर तुमचा डोळा अजून सहज काढतो. चष्मा डोक्यावर सरकवण्याची तुम्हाला लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. अहो, ती तुमच्या डोळ्यांना मिळालेली सोय आहे! ज्यांना लांबचा नंबर नसतो किंवा तो उणे नसून अधिक (प्लस) असतो, त्यांच्यापाशी हा मार्गच नसतो. सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान वळणासाठीचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा काढून अक्षर तितकं कोरीव दिसणार नाही. तेवढं तुमच्या नंबराच्या कागदावर पाहून घ्या.

आता त्या व्हिडिओतल्या चष्म्याकडे येते. चष्म्याची ताकद जागेवर बदलायची कल्पना जुनी आहे आणि ती तीन वाटांनी खरी उतरली आहे.

पहिली वाट द्रवाची. कडक काच आणि लवचिक पडदा यांच्यामध्ये पारदर्शक तेल भरायचं. तेल वाढवलं की पडदा फुगतो आणि अधिक नंबर येतो, कमी केलं की उणे. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ जोशुआ सिल्व्हर यांनी असे चष्मे बनवले. दोन्ही बाजूंना छोट्या पिचकाऱ्या असत, घालणाऱ्याने स्वतः नंबर लावून घ्यायचा आणि मग पिचकाऱ्या काढून टाकायच्या. उणे सहापासून अधिक सहापर्यंतचा पल्ला त्यातून मिळत असे. जिथे डोळे तपासणारं माणूसच नाही अशा ठिकाणांसाठी ते होते, आणि या क्षेत्रातलं इतकं माणुसकीचं काम मी फार थोडं पाहिलंय. अमेरिकेत स्टीफन कर्टिन यांनी याच तत्त्वावर नाकाच्या पुलावर सरकता खटका असलेला चष्मा आणला. खटका सरकवला की सगळी काच वाचायची, परत सरकवला की सगळी लांबची. पण त्याच्या काचा गोलच ठेवाव्या लागल्या, कारण पडदा एकसारखा फुगायला गोल चौकटच लागते. शिवाय काच मोठी केली की तेल बेसुमार वाढतं. व्यास दुप्पट केला तर त्याच ताकदीसाठी फुगवटा चौपट आणि तेल सोळापट लागतं. म्हणून असे चष्मे एकतर लहान दिसतात किंवा जड होतात.

दुसरी वाट सरकत्या काचांची. नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्व्हारेझ यांनी १९६० च्या दशकात ती शोधली. एका विशिष्ट वळणाच्या दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या. जुळून असताना त्या सपाट काचेसारख्या वागतात, एक डावीकडे नि एक उजवीकडे किंचित सरकवली की नंबर तयार होतो. या तत्त्वाचे, बाजूच्या छोट्या चकतीने फिरवायचे चष्मे विकले गेले आहेत. एका ग्राहकाने परदेशातून आणलेला असा चष्मा माझ्याकडे दाखवायला आणला होता. मधून छान दिसत होतं, कडेला प्रतिमा ओढल्यासारखी वाटत होती. घरात जास्तीचा चष्मा म्हणून तो चांगला. तो घालून रस्ता ओलांडा असं मी कुणाला सांगणार नाही.

तिसरी वाट द्रव-स्फटिकांची, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतात तसल्या पदार्थाची. बारीकसा विजेचा दाब दिला की त्याचे रेणू वळतात आणि प्रकाश किती वाकणार ते बदलतं. काहीही हलत नाही, आवाज नाही, काच पातळ राहते. व्हिडिओत दाखवतात ते बहुतेक याच घराण्यातले असतात. २०११ च्या सुमारास अमेरिकेत असा एक चष्मा बाजारात आला होता. दांडीला बोट लावलं की काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर उमटे. ती कंपनी काही वर्षांतच बंद पडली. अडचण तंत्राच्या पोटातच आहे. एक थर प्रकाशाच्या एकाच दिशेच्या कंपनांवर काम करतो, म्हणून दोन थर आडवे-उभे लावावे लागतात. थर पातळ असल्यामुळे जास्त ताकद हवी तर ती कड्याकड्यांत मोडून बसवावी लागते, आणि रात्री दिव्यांभोवती त्या कड्यांची वलयं दिसू शकतात.

तरीही, माझ्या मते फोकस बदलणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड आहे ते तुम्ही नक्की कशाकडे पाहताय हे चष्म्याला कळणं.

काही चष्म्यांत समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा सेन्सर असतो. जपानमध्ये असा एक विकला जातो. टेबलावर बसून सोल्डरिंग करणाऱ्याला किंवा भरतकाम करणाऱ्याला ते पुरतं. पण तुम्ही गाडीतल्या मधल्या आरशात पाहा. आरसा अर्ध्या मीटरवर आहे आणि त्यात दिसणारा ट्रक वीस मीटर मागे. डोळ्याला फोकस ट्रकच्या अंतरावर हवा, सेन्सर आरसा मोजतो. पावसात रिक्षाच्या काचेवर थेंब असतात, तुम्ही पाहत असता पलीकडचा सिग्नल. खिडकीच्या जाळीतून तलावपाळीकडे पाहणारा माणूस जाळी पाहतोय की तलाव?

म्हणून दुसरी पद्धत निघाली, डोळ्यांवरच नजर ठेवायची. जवळ पाहताना दोन्ही बुबुळं आत वळतात, त्यावरून अंतर काढायचं. हे जास्त शहाणपणाचं आहे, कारण आपला मेंदूही फोकस, बुबुळांचं वळणं आणि बाहुलीचं आकसणं या तिन्ही गोष्टी एकत्रच चालवतो. पण आकडे बघा. दोन बाहुल्यांतलं अंतर ६२ मिलिमीटर असेल तर ४० सेंटिमीटरवर पाहताना नजरेच्या दोन रेषांतला कोन नऊ अंशांच्या जवळ असतो. दोन मीटरवर तो दोन अंशांहून कमी होतो आणि सहा मीटरवर अर्ध्या अंशाच्या थोडा वर. इतका बारीक फरक घाम, पापण्या, घसरलेली फ्रेम आणि मे महिन्यातलं ऊन सांभाळून क्षणात ओळखायचा, तोही दिवसभर, एका चार्जवर. ज्यांना तिरळेपणा आहे किंवा एकच डोळा चालतो, त्यांच्या बाबतीत हा हिशोबच लागत नाही. लोक यावर मनापासून काम करताहेत आणि पुढेमागे ते जमेल असं मला वाटतं. पण चुकीच्या क्षणी चुकीचा फोकस लागला तर स्क्रीनसमोर फक्त चिडचिड होते, स्कूटरवर अपघात होतो. ऐरोलीच्या ऑफिससाठी असा चष्मा तुम्ही कधी घेतलात तरी स्टेशनपर्यंत स्कूटर चालवताना तो नको.

आता कपाटातल्या प्रोग्रेसिव्हकडे. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दल, कारण ठाण्यात दर आठवड्याला कुणीतरी ‘मला प्रोग्रेसिव्ह सूट होत नाही’ म्हणून येतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तो नीट बसवलेलाच नसतो.

प्रोग्रेसिव्ह भिंग फोकस बदलत नाही, ते सगळे फोकस एकाच काचेवर वरपासून खालपर्यंत मांडून ठेवतं आणि निवड तुमच्या मानेवर सोपवतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली आपल्या बायफोकलबद्दल लिहिलं होतं, त्यात दोनच मजले होते. फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतना यांनी बनवलेलं वॅरिलक्स १९५९ मध्ये आलं तेव्हा मजल्यांच्या जागी उतार आला. उताराची किंमत कडेला मोजावी लागते. मिंकविट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये गणिताने दाखवलं, की मधल्या पट्ट्यात ताकद ज्या वेगाने वाढते त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला विकृती वाढते. काच कितीही महाग घ्या, हा नियम चुकवता येत नाही. चांगल्या भिंगात ती विकृती तुम्हाला कमी खुपेल अशा जागी सरकवलेली असते, एवढंच. म्हणून ‘आमच्या काचेत कडेलाही शंभर टक्के क्लिअर’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे पुढच्या दुकानात जावं.

तुमच्या दोन तक्रारींचा अर्थ यातूनच लागतो. स्क्रीनचं अंतर भिंगाच्या मधल्या अरुंद पट्टीत येतं. ती पट्टी स्क्रीनसमोर आणायला तुम्ही हनुवटी वर करता, आठ-नऊ तास, म्हणून मान. दुसरी स्क्रीन बाजूला आहे, ती पडते विकृतीच्या भागात. आणि जिना उतरताना तुम्ही काचेच्या तळातून पाहता. तिथे ४० सेंटिमीटरचा नंबर आहे, पायरी आहे दीड मीटरवर. जवळजवळ एका डायॉप्टरचा धूसरपणा त्यात येतो. नजर खाली न टाकता हनुवटी खाली केली, की पायरी वरच्या भागातून दिसते. हे सांगायला एक मिनिट लागतं, पण चष्मा देताना ते बहुधा कुणी सांगत नाही. वयस्कर माणसांत तर बायफोकल-प्रोग्रेसिव्ह घालून पडण्याचा धोका वाढतो हे अभ्यासांतही दिसलंय. पायी बाहेर फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांना मी साधा लांबचा चष्मा वेगळा द्यायला सांगते.

मोजमाप बरोबर आहे का हे तुम्ही घरीच पाहू शकता. काच स्वच्छ पुसा आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडा. वाफ उडता उडता डाव्या-उजव्या बाजूला दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली वाचायच्या वाढीव नंबराचा आकडा असतो, तुमच्या वयाला तो दीड-पावणेदोनच्या आसपास असायला हवा. दोन्ही खुणांवर पाण्याने जाणाऱ्या स्केचपेनने ठिपके द्या, चष्मा घाला आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सरळ पाहा. तुमची बाहुली डावी-उजवीकडून त्या ठिपक्यांच्या बरोबर मधोमध आणि त्यांच्या रेषेच्या काही मिलिमीटर वर यायला हवी. एक डोळा मधोमध आणि दुसरा सरकलेला असेल, तर दोन डोळ्यांचं माप वेगवेगळं घेतलंच नव्हतं. बाहुली रेषेच्या खाली असेल तर काच फार वर बसली आहे. मग लांबचं पाहतानाही तुम्ही उतारातूनच पाहणार आणि चालताना जमीन हलणार. आपल्या हवेत आणखी एक गोष्ट होते. सकाळी दुकानाच्या एसीत माप घेतलेली फ्रेम दुपारी घामाने तीन मिलिमीटर घसरते. नाकाचे पॅड आणि कानामागचं वळण जागेवर आणलं की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात, एक पैसा न देता.

ठिपके चुकीच्या जागी आले तर चष्मा घेऊन त्याच दुकानात जा आणि खुणा दाखवून बोला. काच बदलून मागायला संकोच करू नका.

पण तुमच्यासाठी माझी पहिली निवड प्रोग्रेसिव्ह नाहीच. मी प्रत्येकाला तपासणीला येण्याआधी घरातली शिवणाची टेप घेऊन आपली अंतरं मोजून आणायला सांगते. डोळ्यापासून स्क्रीन किती, बाजूची स्क्रीन किती, मोबाइल किती. गडकरी रंगायतनमध्ये साथ करणारे एक हार्मोनियमवादक माझ्याकडे येतात. त्यांची वही ७० सेंटिमीटरवर आणि गायक तीन-चार मीटरवर. तीन ठिकाणी त्यांना ४० सेंटिमीटरचा वाचायचा नंबर मिळाला होता, कारण तपासणीच्या खोलीत वाचायचं कार्ड तेवढ्याच अंतरावर धरतात. अंतर कुणी विचारलंच नव्हतं. वही आणि गायक दोन्ही बसतील अशी काच दिल्यावर त्यांना पुन्हा चष्मा बदलावा लागला नाही.

तुमच्या बाबतीत दोन चष्मे. एक साधा लांबचा उणे १.७५, स्कूटर, लोकल, जिना आणि नाटकासाठी. दुसरा ऑफिसात ठेवून द्यायचा, ज्याला ऑफिस लेन्स म्हणतात. त्यात वरून दीड-दोन मीटरपर्यंतचं, मधल्या रुंद भागातून दोन्ही स्क्रीन आणि खालून कागद दिसतो. उतार सौम्य, म्हणून कडेची विकृतीही कमी. तो घालून गाडी चालवायची नाही. आणि त्याआधी आठवडाभर चष्मा काढून स्क्रीन पाहून बघा, ती ५५-६० सेंटिमीटरवर आणून. तेवढ्याने भागलं तर दुसरा चष्मा अजून दोन-तीन वर्षं लागणारही नाही.

चाळिशीसाठी डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते. पिलोकार्पिनचे थेंब बाहुली बारीक करतात आणि सुईच्या भोकातून पाहिल्यासारखं जवळचं थोडं स्पष्ट होतं. भिंग पुन्हा लवचिक होत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. आपल्याकडे २०२४ मध्ये अशा एका औषधाला मिळालेली परवानगी जाहिरातीतल्या दाव्यांवरून महिन्याभरात स्थगित झाली होती. बाहुली लहान म्हणजे अंधारात कमी दिसणं, म्हणून रात्री स्कूटर चालवणाऱ्याने तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आणि एक तपासणी टाळू नका. नंबर दोन-तीन आठवड्यांत खालीवर होत असेल तर चष्म्याआधी रक्तातली साखर पाहा, ती वाढली की नंबर सरकतो. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतला पडदा (रेटिना) डॉक्टरांकडून पाहून घ्यायलाच हवा.

आता आईंचं. ऑपरेशनचा निर्णय त्यांच्या सर्जननी आणि तुम्ही मिळून घ्यायचा, मी फक्त विचारायचे प्रश्न देते. मोतीबिंदूत बसवतात त्या मल्टिफोकल लेन्स फोकस बदलत नाहीत. त्या आत येणारा प्रकाश वाटून देतात, थोडा लांबला, थोडा जवळला, आणि मेंदू त्यातलं हवं ते उचलायला शिकतो. वाटणी झाली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी. त्यामुळे मंद उजेडात गडद-फिक्यातला फरक कमी कळतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. स्नायूबरोबर हलून खरोखर फोकस बदलणारी लेन्सही आहे, अमेरिकेत २००३ पासून. पण डोळ्यात बसल्यावर तिचा पल्ला अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला.

तर विचारा: आईंचा पडदा निरोगी आहे का? मधुमेहाने पडद्यावर परिणाम झाला असेल, मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) आजार किंवा काचबिंदू असेल, तर प्रकाश वाटून देणारी लेन्स सहसा टाळतात. मग आईंना विचारा, चष्मा नेमका कशासाठी नको आहे? तुम्ही लिहिलंय की त्या रोज सकाळी पोथी वाचतात, दुपारी वाती वळतात, आणि आयुष्यभर पोथी चष्मा काढूनच वाचली. अशा माणसाला साध्या एक-फोकस लेन्सने लांबचं कोरीव करून दिलं, तर घराबाहेरचं छान दिसतं पण पोथी हातातून जाते, आणि ती रुखरुख मी अनेक आयांच्या तोंडून ऐकली आहे. एक-फोकस लेन्सच मुद्दाम अशी बसवता येते, की डोळ्याचा नंबर उणे अडीचच्या आसपास राहील. मग पोथी आणि वाती पूर्वीसारख्या चष्म्याशिवाय, आणि टीव्हीला व रस्त्यावर चष्मा. ही निवड असते हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं, आणि ऑपरेशननंतर ती सहजासहजी बदलता येत नाही. म्हणून लेन्सचं माप घेण्याच्या दिवशी आईंची पोथी बरोबर न्या, त्या ती कुठे धरून वाचतात ते सर्जनना दाखवा आणि ते अंतर त्यांच्यासमोरच टेपने मोजा.